टप्पा बदलताना : स्टॅमफर्डचे जॉर्ज हॉटेल आणि त्याची पागा

इंग्लंडमध्ये लंडनहून उत्तरेस यॉर्ककडे जाणारा जो प्राचीन राजमार्ग, त्याला ‘ग्रेट नॉर्थ रोड’ म्हणतात. या मार्गावर लंडनपासून सुमारे ९० मैलांवर, वेलँड नदीच्या काठी स्टॅमफर्ड हे टुमदार व्यापारी गाव आहे. नदीच्या दक्षिणेस, रस्त्याच्या कडेला उभे असलेले ‘जॉर्ज’ हॉटेल दुरूनच ओळखू येते. कारण त्याच्या नावाची पाटी भिंतीवर नाही. रस्त्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आडवी तुळई टाकलेली असून तिच्यावर ती पाटी झळकते. प्रामाणिक प्रवाशाला स्वागत आणि वाटमाऱ्याला फासाची आठवण, असा त्या तुळईचा दुहेरी अर्थ लोक सांगत आले आहेत.

इमारतीचा मुख्य भाग १५९७ साली राणी एलिझाबेथचे कोषाध्यक्ष लॉर्ड बर्ली यांनी बांधविला. दारातून आत शिरताच दोन्ही बाजूंस लाकडी तावदानांनी मढविलेल्या दोन खोल्या लागतात. एका खोलीवर ‘लंडन’ आणि दुसरीवर ‘यॉर्क’ असे लिहिलेले आहे. ज्याला ज्या दिशेची गाडी धरावयाची, त्याने त्या खोलीत वाट पाहावी. घोडागाड्यांच्या भरभराटीच्या काळात येथे दिवसाला वीस गाड्या वर आणि वीस गाड्या खाली जात, असे सांगतात.

अंगणामागचे खरे यंत्र

प्रवाशाच्या स्मरणात राहतात ते शेकोटी, गरम जेवण आणि मऊ बिछाना. परंतु अशा पांथस्थगृहाचा सारा व्यवहार चालत असे तो मागच्या अंगणातील पागेवर. गाडी थेट आत यावी म्हणून उंच कमान, आत फरसबंदी चौक, त्याभोवती घोड्यांची ठाणी, वर गवताची माळी, जवळ चंदीची कोठारे आणि साजसामानाची खोली, अशी ही रचना असे. रात्री-अपरात्री शिंग ऐकू आले की मोतद्दार ताज्या घोड्यांची चौकडी सज्ज ठेवीत. टपालगाडीचे घोडे बदलण्यास पाच मिनिटेही लागू देत नसत. १७८४ साली जॉन पामर यांनी ब्रिस्टल–लंडन मार्गावर टपालगाडी सुरू केल्यापासून वेळेला बाजारात किंमत आली होती. गाडीवरील रक्षकाजवळ कुलूपबंद घड्याळ असे आणि शिंग ऐकताच जकातनाक्याचे फाटक टपालगाडीसाठी विनाशुल्क उघडले जाई.

या व्यवसायातील हिशोब व्यापाऱ्याच्या मनाला सहज पटेल. घोडे दर दहा-पंधरा मैलांवर बदलावे लागत. एका गाडीच्या नियमित फेऱ्यांसाठी मार्गाच्या मैलामागे साधारण एक घोडा, असा ठोकताळा होता. म्हणजे लंडन ते स्टॅमफर्ड एवढ्याच अंतरासाठी सुमारे नव्वद घोडे झाले. गाडीचा मालक हे सर्व घोडे स्वतः क्वचितच बाळगी. वाटेवरील पांथस्थगृहांचे मालक आपापल्या टप्प्याचे घोडे पुरवीत आणि उत्पन्नात वाटेकरी होत. अनेक गावांतील अनेक पेढ्यांनी परस्परांच्या शब्दावर चालविलेली ती भागीदारीच होती.

या वेगाची किंमत मात्र मुक्या प्राण्याने मोजली. जलद गाडीला जुंपलेला घोडा तीन-चार वर्षांतच थकून जाई आणि मग हलक्या कामासाठी विकला जाई. पागेकडे पाहताना हाही जमाखर्च विसरता येत नाही.

वाट बदलली तेव्हा

मग आगगाडी आली. लंडनमधील विल्यम चॅप्लिन हे या धंद्यातील सर्वांत मोठे नाव. त्यांच्याकडे ६८ गाड्या व १,८०० घोडे होते. लोहमार्ग हा काही दिवसांचा खेळ आहे, असे अनेक व्यावसायिक म्हणत असता चॅप्लिन यांनी गाड्यांतून भांडवल काढून घेतले, ते रेल्वेत गुंतविले आणि पुढे लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचे ते अध्यक्ष झाले. ज्यांना हे जमले नाही, त्यांच्या पागा एकामागून एक ओस पडल्या. लंडनहून सुटणाऱ्या टपालगाड्यांची परंपरा १८४६ साली संपली. १८५२ मध्ये उत्तरेचा मुख्य लोहमार्ग पीटरबरोवरून ग्रँथमकडे गेला आणि स्टॅमफर्ड बाजूला राहिले.

गावाला हा मोठाच फटका होता. तथापि कारखाने आले नाहीत, म्हणून जुनी दगडी घरेही पडली नाहीत. १९६० साली मोटाररस्ताही गावाबाहेरून वळविण्यात आला. त्यानंतर सातच वर्षांनी, १९६७ मध्ये, स्टॅमफर्ड हे इंग्लंडमधील पहिले संरक्षित वारसाक्षेत्र ठरले. ज्या दुर्लक्षाने गावाचा व्यापार मंदावला, त्याच दुर्लक्षाने गावाचा वारसा राखला.

जपावयाचे ते काय?

देशोदेशी अशा वास्तूंचा दर्शनी भाग सहज वाचतो, कारण तो देखणा असतो आणि पाहुण्यांना आकर्षित करतो. मागची पागा मात्र अडगळ समजून प्रथम पाडली जाते. कोठे तिचे वाहनतळ होते, कोठे राहण्याच्या खोल्या. नवा उपयोग करण्यात काही गैर नाही. वापरात असलेली वास्तूच टिकते. परंतु कमान, चौक, ठाण्यांची रांग आणि माळीचे दार ही रचना पुसली गेली, तर उरते ते केवळ एक जुने हॉटेल. माणसे, टपाल आणि माल देशभर कसा फिरत होता, हे सांगणारा पुरावाच नाहीसा होतो.

आपल्याकडील जुन्या बाजारपेठांतही पेढीची दर्शनी ओसरी कौतुकाने जपली जाते आणि मागील वखार, बैलांचा गोठा, गाड्या सोडण्याचे अंगण प्रथम विकले जाते. ते विकण्यापूर्वी निदान त्याचा नकाशा काढून ठेवावा, छायाचित्रे घ्यावीत आणि तेथे कोण काय काम करीत होते हे घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे. घराण्याचा नावलौकिक ओसरीवर दिसतो खरा. पण तो उभा राहिला मागच्या अंगणातील श्रमांवर.