भुंकण्याचे मोल

मावळातील डोंगरवस्त्यांत रात्री बिबट्या येण्याचा संभव असतो. अशा वेळी कुत्र्याचे भुंकणे हा घरधन्यास मिळणारा पहिला इशारा होय. परंतु कुत्रा कारणावाचून अहोरात्र भुंकू लागला, तर त्या इशाऱ्याकडे कोण लक्ष देणार?

कुत्रा असा का भुंकतो? पावसाळ्यात मावळात व लोणावळ्यास संततधार लागते. दिवसचे दिवस साखळीस बांधलेला कुत्रा कंटाळून भुंकतो. त्यास मारल्याने तो अधिकच बिथरतो. म्हणून उघडीप मिळताच त्यास फिरवून आणावे, खेळवावे. भुंकताना त्याच्यावर ओरडू नये. तो गप्प होताच भाकरीचा तुकडा देऊन त्याची पाठ थोपटावी. शांत राहिल्याने लाभ होतो, हे तो हळूहळू शिकतो.

असा कुत्रा ज्या रात्री भुंकेल, त्या रात्री घरधनी तत्काळ जागा होईल आणि गोठ्यातील वासरू वाचेल.