मोडते ते का मोडते?

श्रोतेहो, संभाजीनगरहून पैठणला निघालात की वाटेत चितेगाव लागते. तिथल्या तरुणांनो, हातात एक तार घ्या. ओढून ती तुटत नाही. पण मागेपुढे वाकवत राहा, तुटते की नाही बघा! का बरे? या 'का'चे शास्त्र म्हणजे घनपदार्थांचे यामिकी.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले. भिंतीचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या सुमारास ते तडे पडले. जगभरचे संशोधक आजही आपली गणिते त्यांवर पडताळून पाहतात.

अभियांत्रिकीच्या पदवीनंतर 'गेट' परीक्षा देऊन मुंबईच्या आय. आय. टी.त हा अभ्यास करता येतो. पात्र विद्यार्थ्यांना विद्यावेतनही मिळते. मुलांनी कारखान्यात जरूर जावे. पण मोडलेला दांडा भंगारात टाकण्याआधी 'का मोडला?' असे विचारणारा एखादा तरी त्यांच्यात निघावा.