चोचीवरून बारसं

बदकाची चोच आधी बघायची, रंग मागाहून. ही शिस्त मला गोरेगावनेच लावली. पूर्वेला, फिल्म सिटीजवळ, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. तिथे ओळख झालेले एक काका मला पहिल्यांदा पवई तलावावर घेऊन गेले. मी वहीत पिसांचे रंग उतरवत होतो. त्यांनी वही मिटायला लावली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तरेकडून नुकती उतरलेली बदकं बघा, नर आणि मादी सारखेच मातकट दिसतात. विणीनंतर नर आपला झगमगीत पिसारा टाकतो आणि नवा चढायला हिवाळ्याचे काही आठवडे जातात. तोवर रंगावर भिस्त ठेवली तर फसगत ठरलेली. चोचीचा आकार मात्र बदलत नाही.

आपल्या लोकांना हे कधीचंच ठाऊक असावं, कारण मराठीतली बदकांची कितीतरी नावं चोचीवरून पडली आहेत. माझं सगळ्यात लाडकं नाव हळदी-कुंकू. काळी चोच, तिच्या टोकाला हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा पट्टा आणि कपाळाला भिडते तिथे दोन बाजूंना दोन लाल टिकल्या. हे नाव एखाद्या बाईनेच ठेवलं असणार, अशी माझी पक्की समजूत आहे. इंग्रजांनी याच बदकाला स्पॉट-बिल्ड म्हटलं. त्यांना ठिपका दिसला, आपल्याला सवाष्णीचं कपाळ दिसलं. हे बदक पाहुणं नव्हे, बारमाही इथलंच. पावसाळ्यात काठच्या गवतात अंडी घालतं. पवईशेजारचा विहार तलाव १८६० साली मुंबईला नळाचं पाणी देण्यासाठी बांधला, पवई त्यानंतर तीस वर्षांनी. पवईचं पाणी आता कुणी पीत नाही, हळदी-कुंकवाने मात्र तो तलाव सोडलेला नाही.

दुसरा नकटा. मराठीत नकटा म्हणजे बसक्या नाकाचा, आणि या नराच्या चोचीवर तर भलंमोठं काळं टेंगूळ, विणीच्या दिवसांत आणखी फुगणारं. नाव असं उलटं का पडलं यावर मी अनेकांशी वाद घातला आहे.

पण खरा विषय थापट्या. त्याच्यासाठी मी दर डिसेंबरात भल्या पहाटे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पूर्व द्रुतगती मार्ग गाठतो आणि ठाणे खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनला उतरतो. नराचं डोकं हिरवं, छाती पांढरीशुभ्र, कुशी विटकरी. पण नजर खिळते ती चोचीवर. मुळाशी अरुंद आणि टोकाला पसरट, कुणी थापटून थापटून रुंद केल्यासारखी. दोन्ही कडांना आतून बारीक दात्यांची फणी असते, शंभराहून अधिक दात्यांची. चोच पाण्यात आडवी धरून तो पुढे सरकतो. जीभ पंपासारखी चालते, पाणी पुढून आत ओढते आणि कडांनी बाहेर ढकलते. बारीक किडे, बिया, शेवाळातले जीव फणीत अडकतात.

एकदा तिथे पंधरा-वीस थापटे एकमेकांच्या मागे गोल फिरताना दिसले. पुढच्याच्या पायांनी ढवळलेला गाळ मागचा गाळून घेत होता, आणि शेवटच्याच्या मागे पुन्हा पहिला. मी तासभर तिथून हललो नाही. हंसाच्या नीरक्षीरविवेकाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पाण्यातून हवं तेवढंच वेगळं काढणारी चोच प्रत्यक्षात कुठे बघायची असेल, तर ती या खाडीच्या गाळात.

हंसाबद्दल विचारणारे भेटतातच, म्हणून थोडक्यात. बदकं, कादंब आणि हंस हे एकाच मोठ्या कुळातले, जगभर मिळून सुमारे १७० जातींचे. लांब मानेचे पांढरे रानहंस थंड प्रदेशातले. भारतात फार क्वचित, तेही वायव्येकडे, भरकटून येतात. महाराष्ट्रात बघायचा तो पट्टकादंब, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. त्यासाठी निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर गाठावं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्याचं हे पाणी २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. हिमालय ओलांडताना पट्टकादंबाची ७,२९० मीटर उंचीवर नोंद झाली आहे. मी मात्र नांदूर मध्यमेश्वरलाही त्याची चोचच बघत बसलो. आखूड, भक्कम, कडेला करवतीसारखी. गवताचं पातं कात्रीने कापल्यासारखं कापणारी. थापट्या गाळतो, हा चरतो. गाळात थापट्या आणि काठच्या हिरव्यात पट्टकादंब, दोघांची ताटं वेगळी. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ अशा वेळी पिशवीत हवाच. इतकी मराठी नावं एका जागी दुसरीकडे मिळत नाहीत.

एका बदकापुढे मात्र माझी शिस्त चालत नाही. अडई. तपकिरी, लहानखुरं, झाडाच्या ढोलीतही घरटं करणारं आणि रात्री चरायला निघणारं. आमची इमारत गोरेगाव पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. पाऊस ओसरला की कधी अकरा-साडेअकराला गच्चीवरून बारीक, दोन सुरांची शिट्टी जाते, मागोमाग दुसरी, तिसरी. चोच दिसत नाही, पंख दिसत नाहीत. मी घरातले दिवे मालवतो आणि थवा मालाडच्या बाजूला दूर जाईपर्यंत शिट्ट्या मोजतो.