गावाचे पान, गावाच्या हाताने

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील सूचनाफलक हा गावाच्या कारभाराचा आरसा होय. ग्रामसभेची तारीख, करभरणीची मुदत, पाणीपुरवठ्याच्या वेळा, मंजूर कामांची यादी अशा अनेक गोष्टी त्यावर लागतात. मात्र तो वाचण्यासाठी कार्यालयापर्यंत जावे लागते. काटोल किंवा नरखेड तालुक्यातील एखादा तरुण नोकरीनिमित्त नागपुरात राहत असेल, तर त्याच्या दृष्टीने गावाचा फलक असून नसल्यासारखाच असतो.

ही अडचण दूर करण्याचे साधन आता गावात पोहोचले आहे. ग्रामपंचायती प्रकाशतंतूच्या जाळ्याने जोडण्याची योजना देशात २०११ साली हाती घेण्यात आली. पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. २०१६ च्या अखेरीस नागपूर जिल्हा डिजिटल जिल्हा म्हणून जाहीर करण्यात आला, तर २०२५ साली याच जिल्ह्यातील सातनवरी गावात शेती, आरोग्य व शिक्षण यांसाठी नव्या तंत्रज्ञानाचा प्रकल्प सुरू झाला. परंतु कालवा शेताच्या बांधापर्यंत आला, तरी पेरणी शेतकऱ्यालाच करावी लागते. तारेवरून गावाची कोणती माहिती जावयाची आणि ती कोणी लिहावयाची, हा प्रश्न गावाने सोडवावयाचा आहे.

अनेक ठिकाणी संकेतस्थळ बाहेरच्या माणसाकडून एकदा तयार करून घेतले जाते. उद्घाटन होते, आणि त्यानंतर त्यावरील एक ओळही बदलत नाही. पदाधिकारी बदलतात, दूरध्वनी क्रमांक बदलतात. पान मात्र जुनेच राहते. जुनी माहिती कधी कधी माहिती नसण्यापेक्षाही अधिक नुकसान करते, कारण तिच्यावर विश्वास ठेवून आलेल्या माणसाचा हेलपाटा आणि दिवसाची मजुरी दोन्ही वाया जातात. यावर खरा उपाय एकच: ज्याच्याकडे माहिती आहे, त्यालाच पान लिहिता व दुरुस्त करता आले पाहिजे.

वापरणे आणि घडविणे

शाळेत संगणक आणण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पाद्वारे निवडक शाळांना बीबीसी बनावटीचे संगणक मिळाले. महाराष्ट्रात महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ साली झाली आणि 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोहोचला. अशा प्रयत्नांमुळे संगणक वापरणारा मोठा वर्ग तयार झाला. संगणकाला स्वतः सूचना लिहून देणे हे त्यापुढील पाऊल होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पूर्व माध्यमिक स्तरापासून या कौशल्याचा परिचय व्हावा असे म्हटले आहे. त्यासाठी महागडी यंत्रसामग्री लागते, हा समज मात्र बरोबर नाही.

पहिले पान

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधन संस्थेत मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून उपलब्ध झाली. वेबवरील प्रत्येक पान मुळात साधा मजकूर असतो. तो लिहिण्यासाठी नोटपॅडसारखा साधा संपादक आणि पाहण्यासाठी ब्राऊझर, एवढी दोनच साधने पुरेशी आहेत. ती कार्यालयातील किंवा शाळेतील बहुतेक संगणकांवर आधीपासूनच असतात.

मजकुराचा कोणता भाग शीर्षक आहे आणि कोणता परिच्छेद, हे ब्राऊझरला सांगण्यासाठी ज्या खुणा वापरतात, त्यांच्या पद्धतीला 'एचटीएमएल' म्हणतात. खूण कोनी कंसात लिहितात. मुख्य शीर्षकापूर्वी 'एच१' आणि परिच्छेदापूर्वी 'पी' ही खूण येते. मजकूर संपल्यावर तीच खूण तिरपी रेघ देऊन पुन्हा लिहिली, की तो भाग बंद होतो. दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्यासाठी 'ए', तर तक्त्यासाठी 'टेबल' ही खूण आहे. पत्रलेखनात विषय, मजकूर आणि स्वाक्षरी यांच्या जागा ठरलेल्या असतात, तशीच ही रचना समजावी.

मजकूर लिहून झाल्यावर धारिका जतन करताना नावाच्या शेवटी टिंब देऊन 'एचटीएमएल' हा प्रत्यय रोमन अक्षरांत लावावा. प्रकार 'सर्व धारिका' असा निवडावा, अन्यथा नोटपॅड नावापुढे 'टीएक्सटी' जोडतो आणि पानाऐवजी खुणांसहित कच्चा मजकूरच दिसतो. नंतर त्या धारिकेवर दोनदा टिचकी मारली, की पान ब्राऊझरमध्ये उघडते. यासाठी इंटरनेट जोडणीची आवश्यकता नाही. वीज आणि संगणक असला, की सराव सुरू करता येतो.

पुढील दोन पायऱ्या सावकाश घ्याव्यात. रंग, अक्षरांचा आकार आणि मांडणी यांसाठी 'सीएसएस', तर पानावर काही क्रिया घडवून आणण्यासाठी १९९५ साली आलेली 'जावास्क्रिप्ट' वापरतात. सूचनाफलकाचे काम मात्र पहिल्या पायरीवरच होऊ शकते. साधे पान वजनाने हलके असल्यामुळे जुन्या मोबाइलवर आणि मंद जोडणीवरही लवकर उघडते. कागदाचे छायाचित्र काढून चढविलेली सूचना मात्र जड असते. तिच्यातील मजकूर शोधणे, उचलून घेणे किंवा संगणकाकडून वाचून घेणे कठीण जाते.

मराठीचा प्रश्न

मराठी पानाच्या बाबतीत एक खबरदारी सर्वांत महत्त्वाची आहे. पूर्वी मराठी टंकलेखनासाठी असे अनेक फॉण्ट वापरात होते, की ज्यांत पडद्यावर देवनागरी अक्षर दिसे, पण संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच असे. तोच फॉण्ट नसलेल्या संगणकावर त्या मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटत. जुन्या धारिकांतील कित्येक परिपत्रके आजही अशा स्थितीत सापडतात.

भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. पुढे सर्व जगासाठी एकच असलेली 'युनिकोड' पद्धती रूढ झाली. तिच्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. उदाहरणार्थ, 'क' या अक्षराचा क्रमांक दशमान पद्धतीत २३२५ येतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा, धारिका 'यूटीएफ-८' या संकेतनात जतन करावी आणि पानाच्या आरंभी 'मेटा' या खुणेत त्याच संकेतनाचा उल्लेख करावा. पानाची भाषा मराठी आहे हे 'एमआर' या अक्षरांनी सांगावे. त्यामुळे दृष्टिहीन वाचकासाठी पान मोठ्याने वाचणाऱ्या साधनाला मराठी उच्चार निवडता येतात. शीर्षकांच्या खुणा बरोबर असतील, तर असा वाचक एका विषयावरून थेट पुढच्या विषयावर जाऊ शकतो.

शाळेतील पर्जन्यमापक आणि संगणक

मजकुराची मांडणी जमली, की आकडेमोडीकडे वळता येते. लहान मुलांसाठी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत तयार होऊन २००७ साली प्रसिद्ध झालेले 'स्क्रॅच' उपयुक्त आहे. त्यात सूचना टंकित न करता रंगीत ठोकळे एकमेकांना जोडावयाचे असतात. मोठ्या विद्यार्थ्यांसाठी 'पायथन' ही भाषा सोयीची आहे. १९९१ साली गुइडो व्हान रोसम यांनी प्रसिद्ध केलेली ही भाषा विनामूल्य मिळते, आणि तिच्यासोबत 'आयडल' नावाचा सरावाचा संपादकही सामान्यतः येतो.

उदाहरण शाळेतीलच घ्यावे. समजा, पर्जन्यमापकाच्या सात दिवसांच्या नोंदी मिलिमीटरमध्ये ०, १२, ३.५, ०, ४१, २ आणि ७ अशा आहेत. 'पाऊस' या नावाने त्यांची यादी करून बेरीज करण्याची सूचना दिली, की उत्तर ६५.५ येते. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार चोवीस तासांत २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाल्यास तो पावसाळी दिवस समजला जातो. 'जर नोंद २.५ किंवा त्याहून अधिक असेल, तर संख्या एकाने वाढवा' अशी अट लिहिली, की पावसाळी दिवस चार निघतात. मुलांनी प्रथम वहीत उत्तर काढावे आणि नंतर संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहावे. पुढे संपूर्ण हंगामाच्या नोंदींनाही तीच आज्ञावली लागू पडते.

पायथनमध्ये 'पाऊस' किंवा 'एकूण' अशी नावे देवनागरीत ठेवता येतात. मात्र आज्ञावलीतील अंक आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहावे लागतात. अवतरणचिन्हांत लिहिलेला अंक संगणक मजकूर मानतो. अशा १२ आणि ३ यांची बेरीज १५ न होता ते शेजारी ठेवले जाऊन १२३ होतात. आज्ञावली चुकली, की पडद्यावर ओळीच्या क्रमांकासह संदेश येतो. तो न घाबरता वाचण्याची सवय लावणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे. शिक्षकाला उत्तर लगेच सापडले नाही, तरी मुलांसमवेत चूक शोधण्यात कमीपणा नाही.

जबाबदारी आणि आरंभ

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणांनी आपली माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते, आणि त्यासाठीच्या माध्यमांत इंटरनेटचाही उल्लेख आहे. म्हणजे गावाचे पान हा केवळ हौसेचा भाग नाही. त्याचबरोबर मर्यादाही पाळावयास हवी. कोणाचाही आधार क्रमांक, बँक खाते किंवा आजाराची माहिती पानावर येता कामा नये. कार्यालयाच्या नावाने पान प्रसिद्ध करताना वरिष्ठांची मान्यता घ्यावी. प्रत्येक पानाच्या तळाशी शेवटच्या दुरुस्तीची तारीख अवश्य असावी.

आरंभ लहान असावा. पहिल्या आठवड्यात शाळेचे नाव, वेळ आणि पत्ता असलेले एक पान, दुसऱ्यात तक्ता, तिसऱ्यात दुवे, चौथ्यात पावसाची बेरीज, असा क्रम ठेवता येईल. नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आहे आणि २०१६ पासून भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थाही आहे. तेथील विद्यार्थ्यांनी सुट्टीत जवळच्या गावातील शाळेला दोन दिवस दिले, तर मोठे साहाय्य होईल. मात्र त्यांनी पान तयार करून देऊ नये. तयार करावयास शिकवावे.

ग्रामसभेची तारीख पुढे ढकलली गेली, तर त्याच दिवशी ती ओळ बदलणारा एक ग्रामसेवक, एक शिक्षक किंवा नववीतील एक विद्यार्थिनी गावात असावी. ते साधले, की तारेवरून आलेली जोडणी खऱ्या अर्थाने गावाची झाली असे म्हणता येईल.