ऑक्सफर्ड, मिउरा आणि चेतक

स्वातंत्र्यपूर्व काळात वर्धा आणि सेवाग्राम यांच्या दरम्यान एक विलक्षण वाहन ये-जा करीत असे. त्याचा सांगाडा फोर्ड मोटारीचा, बैठकही तिचीच. परंतु यंत्राचे कार्य दोन बैलांकडे सोपविलेले. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात आणि मोटार तर फोर्डची होतीच, म्हणून शेठ जमनालाल बजाज यांच्या या वाहनाला ‘ऑक्सफर्ड’ हे नाव पडले. वाहनांच्या नामकरणाचा विचार मनात आला की मला प्रथम हे नाव आठवते. कारण आपल्या वाहनाचे खरे बळ कोठे आहे, हे इतक्या निर्मळपणे सांगणारे दुसरे नाव मला ठाऊक नाही.

बैलाच्या वेगाचे अप्रूप वर्धा जिल्ह्याला नवे नाही. आर्वी-कारंजाकडील शुभ्र गवळाऊ बैल जलद चालीसाठी प्रसिद्ध असून, मराठ्यांच्या लष्कराचा सरंजाम वाहून नेण्याकरिता या वाणाची जोपासना झाली असे परंपरा सांगते. आणि शंकरपटात धावणाऱ्या जोडीचे नाव मालकाच्या नावाआधी पंचक्रोशीत पोहोचते, हे विदर्भात कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणूनच इटलीतील अतिवेगवान मोटारींच्या नावांमागे बैल उभे आहेत, हे ऐकून वर्धेकराला परकेपणा वाटू नये. फेरुच्चो लाम्बोर्गिनी हा शेतकऱ्याचा मुलगा, ट्रॅक्टरांचा कारखानदार आणि वृषभ राशीचा पुरुष. त्याने १९६३ साली मोटारींचा कारखाना काढला, बैल हेच आपले बोधचिन्ह केले, आणि १९६६ साली जी मोटार जगापुढे आणली तिला सेव्हिलकडील झुंजार बैलांचे पैदासकार डॉन एदुआर्दो मिउरा यांच्या घराण्याचे नाव दिले. पुढे १९६८ साली आलेल्या ‘इस्लेरो’चे नाव तर एका विशिष्ट बैलाचेच आहे, मानोलेते या विख्यात स्पॅनिश बैलझुंजाराचा १९४७ साली ज्याच्या शिंगाने अंत झाला, तो हा मिउरांच्या गोठ्यातला बैल.

सर्वच नावांमागे असा आवेश नसतो. फेरारीच्या जुन्या मोटारींची नावे म्हणजे पुष्कळदा निव्वळ हिशेब असे: २५० हा आकडा एका सिलिंडरच्या घनफळाचा, आणि अशी बारा सिलिंडरे मिळून तीन लिटरांचे इंजिन. परंतु त्याच हिशेबी एन्झो फेरारीचा पुत्र आल्फ्रेदो, म्हणजे घरचा ‘दिनो’, १९५६ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी निवर्तला, तेव्हा पित्याने त्याचे नाव इंजिनांना आणि पुढे मोटारींना देऊन ते पुसले जाऊ दिले नाही. मर्सिडीज हे नावही एका मुलीचे. एमिल येलिनेक हा डाइमलर मोटारींचा विक्रेता, आणि मर्सिडीज ही त्याची कन्या.

मालकीची कथा मात्र निराळी आहे. १९६२ पासून निघालेल्या फेरारी २५० जीटीओ या मोटारी अवघ्या ३६ झाल्या आणि त्या कोणाला द्यावयाच्या, याचा अखेरचा शब्द स्वतः फेरारीचा असे. केवळ पैसा असून भागत नसे. आज गणित उलटले आहे. रुडॉल्फ उलेनहाउट या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी, १९५५ सालची मर्सिडीज ३०० एसएलआर कूपे २०२२ मध्ये लिलावात १३ कोटी ५० लक्ष युरोंना गेली. उलेनहाउटने ती चालविली, पण ती त्याची कधीच नव्हती. आणि ज्याने घेतली त्याचे नाव तिला लागणार नाही.

मालकी आणि नाव यांतील हे अंतर वर्ध्यालाही परिचित आहे. शेठ बच्छराजांनी जमनालालांना नातू म्हणून दत्तक घेतले होते. एकदा आजोबांच्या कठोर शब्दांनी व्यथित होऊन या किशोराने त्यांच्या साऱ्या संपत्तीवरील आपला हक्क लेखी सोडून दिला. पुढे सलोखा झाला, तरी त्या संपत्तीचे आपण विश्वस्त आहोत ही भावना जन्मभर टिकली. जमनालाल १९४२ साली निवर्तले, आणि १९४५ साली कुटुंबाने जी कंपनी स्थापन केली, जिची पुढे बजाज ऑटो झाली, तिचे नाव ठेवले ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’. हक्क सोडला, नाव सोडले नाही.

याच कंपनीने पिआज्जिओशी असलेला परवान्याचा करार संपल्यावर १९७२ साली आपली स्कूटर काढली आणि तिला हळदीघाटीच्या रणात महाराणा प्रतापांना वाहून नेणाऱ्या घोड्याचे नाव दिले. चेतक ही काही शर्यतीची गाडी नव्हे. तरीही मागणी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या आणि ती घरी आल्यावर हळदकुंकू लावून ओवाळणाऱ्या मध्यमवर्गाला तिच्याविषयी वाटलेला अभिमान, मिउराच्या धनाढ्य मालकाच्या अभिमानापेक्षा रतिभरही उणा नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कायद्यानेही या आदराला जागा दिली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, प्रथम नोंदणीस पन्नास वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. नवीन नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे टिकते; आधीच नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक राखता येतो; मात्र असे वाहन नित्याच्या वापरास चालत नाही. पहिल्या चेतकांची पन्नाशी उलटून गेली आहे. तेव्हा ज्यांच्या पडवीत आजोबांची चेतक धूळ खात उभी आहे, त्यांनी ती भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी कपाटातील नोंदणीचे पुस्तक शोधावे, मृत मालकाचे नाव बदलून वारसाचे लावून घ्यावे, आणि इंजिन व चासीचे क्रमांक त्या पुस्तकाशी ताडून पाहावेत.