शिलालेखांचीं छायाचित्रें व १२० नंबरची फिल्म

प्रवासांत शिलालेख टिपणाऱ्या संशोधकानें १२० नंबरची फिल्म वापरावी, असें आमचें मत आहे. ही फिल्म इ. स. १९०१ पासून प्रचारांत असून आजही मिळते. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र २४ × ३६ मिलिमीटर असतें. हिच्यावरील चौरस चित्र सुमारें ५६ × ५६, म्हणजे क्षेत्रफळानें साडेतीन पटींहून अधिक. शकाच्या आंकड्यांतील रेघ कोरलेली कीं शिळेची भेग, हा वाद मिटण्यास एवढा फरक पुष्कळदां पुरतो. मात्र एका गुंडाळींत अशीं चित्रें बाराच. समोरच्या उजेडांत खोदीव अक्षर सपाट दिसतें. यास्तव तिरप्या उन्हाची वाट पाहावी व शिळेलगत मोजपट्टी ठेवावी. अक्षरांत खडू मुळींच भरूं नये. आपला तर्क त्यांत भरला जातो, आणि पुढील वाचकास मूळ रेघ दिसत नाहीं.