नेत्र, छिद्र आणि परिणाह : बस्तियंत्राच्या रचनेची परिभाषा

शरीरात द्रव पोचविणाऱ्या हातातील साधनाचे मुख्य घटक दोन : दाब देणारी पिशवी अथवा पंप, आणि द्रव इष्ट स्थळी नेणारी नळी. आयुर्वेदातील बस्तियंत्र याच जातीचे होय. त्याच्या रचनेचा तपशील चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात आला आहे. मात्र तो समजण्यासाठी प्रथम त्यातील परिभाषा नीट लावली पाहिजे.

‘बस्ति’ म्हणजे मूत्राशय. बैल, रेडा, हरिण, डुक्कर किंवा बोकड यांचे मूत्राशय पिशवी म्हणून वापरीत; त्यावरून यंत्राला व उपचारालाही तेच नाव पडले. नळीला ‘नेत्र’ म्हणत. येथे डोळ्याचा संबंध नाही. ‘नी’ म्हणजे नेणे; जे नेते ते नेत्र. घुसळखांबाच्या दोरीलाही संस्कृतात नेत्र म्हणतात, ते याच अर्थाने. मूळ ग्रीक असलेल्या ‘कॅथेटर’ या शब्दातही ‘खाली सोडणे’ ही क्रियाच आहे.

नेत्रावरील कानासारखी कडा ती ‘कर्णिका’. अग्राकडील चतुर्थांशावर एक कर्णिका असते; नळी तिच्यापलीकडे आत जात नाही. मुळाशी दोन असतात व त्यांच्या आधाराने पिशवी घट्ट बांधली जाते.

मापांची योजना विशेष लक्षणीय आहे. सहा, बारा व वीस वर्षांच्या रुग्णांसाठी नेत्राची लांबी अनुक्रमे ६, ८ व १२ अंगुळे सांगितली आहे. जाडी, म्हणजे ‘परिणाह’, मुळाशी रुग्णाच्या अंगठ्याएवढी व अग्राशी करंगळीएवढी. छिद्र मात्र बोटांनी मोजलेले नाही. ते अनुक्रमे मूग, वाटाणा व लहान बोर जाऊ शकेल एवढे असावे. मूत्रमार्गासाठी योजलेल्या उत्तरबस्तीचे ‘पुष्पनेत्र’ सोन्याचे वा रुप्याचे, १२ अंगुळे लांब, आणि त्याचे छिद्र मोहरीएवढे. दाणा नळीतून आरपार गेला की तिच्या सर्वांत अरुंद जागेचीही परीक्षा होते.

छिद्राचे माप स्वतंत्र ठेवण्यास भौतिक कारण आहे. प्वाझय याने १८४० च्या दशकात मांडलेल्या नियमानुसार, संथ व स्तरित प्रवाहात दाब, लांबी व द्रवाची सांद्रता तीच असता, प्रवाहाचे मान त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलते. त्रिज्या दुप्पट झाली तर प्रवाह सोळापट होतो. प्राचीनांना हे सूत्र ज्ञात नव्हते. तरीही हाताच्या दाबात होणारी चूक रुंद छिद्रामुळे कितीतरी वाढते, हे यावरून स्पष्ट होते.

आजच्या कॅथेटरवरील फ्रेंच क्रमांक बाह्य व्यास दर्शवितो; एक क्रमांक म्हणजे १/३ मिलिमीटर. भिंतीची जाडी निराळी असल्यास एकाच क्रमांकाच्या दोन नळ्यांतून प्रवाह सारखा वाहणार नाही. म्हणून मराठीत या क्रमांकाचे स्पष्टीकरण करताना नुसते ‘व्यास’ म्हणणे अपुरे आहे. बाह्यव्यास व अंतर्व्यास असे दोन शब्द पाळले, तर परिणाह आणि छिद्र यांत चरकसंहितेने राखलेला भेद आजच्या परिभाषेतही टिकेल आणि वाचणाऱ्याची दिशाभूल होणार नाही.